तेल्मोचा घाणा आणि ट्रकचा जॅक

एकीने राहणं म्हणजे काय असतं हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी आमच्या कारबायोसा गावात यावं. इथे सफरचंदं गाळायचा एक जुना घाणा आहे आणि तो एकाच घराण्याच्या तीन शाखांच्या मालकीचा आहे. एकाचं दुसऱ्यावाचून आणि दोघांचं तिसऱ्यावाचून अडावं, अशा बेताने त्याची वाटणी केलेली आहे. त्यामुळे तो गेली चाळीसेक वर्षं चाललेला नाही.

वाटणी केली तेल्मोने, त्या घराण्याच्या मूळपुरुषाने. त्याला तीन मुलं होती आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. घर, गोठा, माळ हे त्याने चारचौघांसारखं वाटलं, पण घाण्यापाशी येऊन त्याला शहाणपण सुचलं. घाण्याचे मुख्य भाग तीन. पहिली तुळई, ओकच्या अख्ख्या खोडाची, चार माणसं हात पसरून ओळीने उभी राहिली तर जेमतेम पुरतील एवढी लांब. तिच्या टोकाच्या भोकातून खाली उतरणारं लाकडी मळसूत्र, माणसाच्या मांडीएवढं जाड. आणि मळसूत्राला खाली लटकणारा धोंडा, जो तुळईला हळूहळू खाली ओढतो, मग तुळई ठेचलेल्या सफरचंदांच्या चोथ्यावर बसते आणि रस निघतो. तेल्मोने तुळई मुलीला दिली, मळसूत्र थोरल्याला आणि धोंडा धाकट्याला. दर ऑक्टोबरात तिघांना एकत्र यावंच लागेल, मग बोलणं आलं, बोलण्यातून माया आली, असा त्याचा हिशेब होता.

तिघं एकत्र आले. कुणाची सफरचंदं आधी गाळायची यावरून पहिल्याच ऑक्टोबरात असं काही झालं की धाकटा ब्वेनोस आयरेसला निघून गेला. धोंडा इथेच राहिला. त्याचे वारस अजून तिकडे असतात, दर नाताळला शुभेच्छा पाठवतात आणि शेवटच्या ओळीत धोंड्याची खुशाली विचारतात. उरलेल्या दोन घरांनी घाणा कसाबसा रेटला. मग एका हिवाळ्यात घाण्याच्या खोपटाचं छप्पर पडलं. छप्पर कुणाच्या वाट्याला हे सांगायला तेल्मो विसरला होता, म्हणून ते कुणीच उभारलं नाही.

आज मळसूत्र बेलार्मिनोचं आहे. बेलार्मिनोचा सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, कारखाना आहे आणि त्याला लागून रेस्टॉरंट आहे. माणूस दिलदार. गावातली प्रत्येक सभा त्याच्या रेस्टॉरंटमध्ये होते आणि सभेत ठराव होवो न होवो, सायडरमध्ये शिजवलेले चोरिसो, डुकराच्या मांसाचे तिखट सॉसेज, होतातच. त्यामुळे आमच्या सभांना उपस्थिती चांगली असते आणि ठराव सहसा बेलार्मिनोच्या बाजूने जातात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो, अशा गोष्टी मला नव्या नाहीत.

तुळई सेल्साची. ती बेलार्मिनोची नात्याने लांबची बहीण, आणि तीसेक वर्षं ओविएदो शहरात दातांची डॉक्टर होती. शनिवारी गावी आली की गावाचेही दात बघायची. दवाखाना बंद करून ती आईच्या घरी राहायला आली तेव्हा गावाला आनंद झाला आणि थोडी अडचणही झाली. गावातला असा एकही प्रतिष्ठित माणूस नाही ज्याने तिच्या खुर्चीत आ वासून डोळ्यांतून पाणी काढलेलं नाही. अशा बाईशी पुढे कधी ठामपणे बोलणं जमत नाही.

तिच्या घरामागे आईने कलमं बांधून वाढवलेली सफरचंदाची बाग आहे. फळं लहान, कडवट, आंबट, एका झाडासारखं दुसरं नाही. झाडं एक वर्ष देतात आणि एक वर्ष विश्रांती घेतात. गेल्या शरदात देण्याचं वर्ष होतं, फांद्यांना टेकू लावावे लागले होते. सेल्साने दर वेळेप्रमाणे कारखान्यात निरोप पाठवला की माल तयार आहे.

बेलार्मिनो स्वतः आला. झाडाखाली उभा राहून त्याने एक फळ चावलं, तोंड वाकडं केलं आणि खरोखर वाईट वाटून सांगितलं की कारखाना आता ठरावीक जातीच घेतो. ही कुठली जात हे देवालाही सांगता यायचं नाही, मग बाटलीच्या लेबलावर काय छापायचं? पण, तो म्हणाला, आपण घरचीच माणसं. तिने तुळई दिली तर यंदाची सगळी सफरचंदं तो डोळे मिटून उचलेल. रेस्टॉरंटच्या दारात त्याने गोल हिरवळ केली होती. तिथे तेल्मोचा अख्खा घाणा उभारायचा, खालून दिवे सोडायचे. मळसूत्र जेवणघरात, स्वच्छतागृहाच्या दाराशी उभं होतंच. धोंडाही त्याने ब्वेनोस आयरेसच्या वतीने सांभाळायला म्हणून आणून ठेवला होता.

"आणि तो चालणार का?" सेल्साने विचारलं.

"कोण?"

"घाणा."

"दारातला घाणा कशाला चालायला हवा, अगं. लोक त्याच्यासमोर फोटो काढतील."

"मग मी चालवते."

बेलार्मिनो हसला. हसताना त्याची मागची दाढ दिसली. ती तिनेच बसवलेली होती.

हसण्यासारखं फारसं नव्हतं. आमच्या भागातल्या जुन्या बागा अशाच गेल्या. एका हंगामाची फळं कुणी घेतली नाहीत, ती झाडाखाली कुजली, वास सुटला, मग मालकाच्या मनात आलं की ही झाडं ठेवायची तरी कशाला. मग कारखान्याच्या जातीची कलमं आली, नाहीतर निलगिरी आली. सेल्साची सफरचंदं यंदा गाळली गेली नाहीत तर तिच्या आईची झाडं आणखी एक हंगाम बघतील असं कुणीही सांगितलं नसतं. सेल्सानेही नाही. म्हणून तिने पायात गमबूट घातले आणि ती पडक्या खोपटात शिरली.

तुळई तिच्या गोठ्यात मावणं शक्यच नव्हतं. गोठा गाईंसाठी बांधलेला, तेल्मोसाठी नव्हे. तिने दोन दिवस तुळई ठोकून पाहिली, कुठे पोकळ वाजते, कुठे भरीव, आणि भरीव भागावर खडूने तीन रेघा मारल्या. मधले दोन तुकडे काढायचे. एक खाली बूड म्हणून, एक वर माथा म्हणून, दोन्ही स्टीलच्या गजांनी जोडायचे आणि मध्ये जॅक लावायचा. झाला घाणा, कपाटाएवढा.

खडूच्या रेघांची बातमी दुपारच्या जेवणाआधी गावभर झाली आणि जेवणानंतर तेल्मोचा घाणा बचाव समिती स्थापन झाली. त्याआधी चाळीस वर्षं ती तुळई काटेरी झुडपांत पडून होती आणि तिच्याकडे मांजरांखेरीज कुणाचंही लक्ष नव्हतं. अध्यक्ष अर्थात ओनेसिमो. निवृत्त औषधविक्रेता, गावातल्या सर्व समित्यांचा अध्यक्ष, आणि अध्यक्षाखेरीज दुसरं काही होण्याची त्याची प्रकृती नाही. मी सचिव. तुळईचं वय ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं. सभा सुरू झाली तेव्हा ती दोनशे वर्षांची होती. चोरिसो आल्यावर अडीचशेची झाली. शेवटच्या बाटलीपर्यंत ती अशा काळात जाऊन पोचली की तेव्हा इथे गावच नव्हतं, म्हणून मी तिला परत तीनशेवर आणून ठेवली.

मग आमचं शिष्टमंडळ सेल्साला भेटायला गेलं. ओनेसिमो पुढे, त्याच्यामागे बेलार्मिनो, त्याच्यामागे मी आणि आणखी दोन सदस्य जे पूर्ण वेळ गप्प होते. सेल्सा खोपटात तुळईवर वाकून बसली होती. डोळ्यांवर जाड भिंगं, कपाळावर दिवा, हातात दवाखान्यातलं जुनं ड्रिल. वाळवीने पाडलेली भोकं ती एकेक करून आतून साफ करत होती आणि त्यात वितळलेलं मेण भरत होती.

या, बसा, ती म्हणाली. बसायला तुळईखेरीज काही नव्हतं. बचाव समितीने तिच्यावर बसणं बरं दिसेल का असा प्रश्न पडल्यामुळे आम्ही उभेच राहिलो. ओनेसिमोने घसा साफ करून सुरुवात केली. पूर्वज, परंपरा, तीनशे वर्षं. तेवढ्यात सेल्साने ड्रिल पुन्हा चालू केलं. त्या आवाजाने समितीची तोंडं आपोआप मिटली. दोन सदस्य तर नकळत एक पाऊल मागे सरले.

भोक भरून झाल्यावर तिने ड्रिल बंद केलं.

"बोल, ओनेसिमो."

"डॉक्टरीणबाई, ही तुळई गावाचा ठेवा आहे."

"मागच्या हिवाळ्यात हिच्यावर कुणीतरी जुनी गादी आणून टाकली होती. ठेव्यावर ठेव असेल."

गादी ओनेसिमोच्या घरची होती. तो छपराकडे पाहू लागला, जे नव्हतं.

मग बेलार्मिनो पुढे झाला. त्याने आवाज खाली आणला. तो समजावून सांगताना आवाज खाली आणतो, म्हणून त्याचा धंदा चालतो.

"सेल्सा, नीट ऐक. मळसूत्राशिवाय तुळई म्हणजे नुसतं लाकूड. आणि मळसूत्र मी देणार नाही."

"नको देऊस. नुसतं लाकूडच आहे ना?"

"नुसतं लाकूड."

"मग लाकूड कापलं तर तुझ्या पोटात का दुखतं, मिनो?"

मग त्याने तेल्मोचं नाव काढलं. म्हातारा काय म्हणेल, त्याने केवढ्या आशेने सगळ्यांना एकत्र बांधून ठेवलं होतं. सेल्साने कपाळावरचा दिवा विझवला. त्यामुळे ती पहिल्यांदा आमच्याकडे बघत असल्यासारखी वाटली.

"तेल्मोने तिघांच्या पायांना एकच दोरी बांधली आणि तिला वाटणी म्हणाला. माझ्या आईने जन्मभर त्या दोरीपायी आपली सफरचंदं दुसऱ्याच्या दारात नेऊन ओतली. मी माझ्या पायातली दोरी कापते आहे. तुमच्या पायाला हात लावलेला नाही. तुम्हाला बांधून राहायचं तर राहा, आरामात."

ओनेसिमोने तीनशे वर्षांचा पुन्हा एकदा उल्लेख केला. तेवढंच त्याच्याकडे होतं.

"तीनशे वर्षांची असेल तर तिला काम द्या," ती म्हणाली. "दाताला काम नसलं की तो हलायला लागतो. मास्तर, सांगा यांना तुमच्या वरच्या डावीकडच्याचं काय झालं."

 माझी जीभ तिथे जाऊन आली.

त्या संध्याकाळी समितीने एकमताने ठराव केला की येत्या रविवारी रेस्टॉरंटच्या दारात घाण्याचं अनावरण होईल, ओविएदोहून सांस्कृतिक खात्याचे साहेब येतील, गायता, आमचा पिशवीचा पावा, वाजवणारे येतील, आणि शनिवारी ट्रक जाऊन तुळई घेऊन येईल. जिची तुळई तिची संमती या ठिकाणी गृहीत धरण्यात आली. हे वाक्य मी घातलं. इतिहासात अशी वाक्यं पुष्कळ सापडतात.

ठरावाची बातमी सेल्साला सभेतूनच मिळाली, तीही आमचे चोरिसो शिजवणाऱ्या बाईकडून. ही बाई म्हणजे ओबदुलिया, बेलार्मिनोची बायको. जेवणघरातल्या त्या मळसूत्राच्या प्रत्येक आट्यातली धूळ ती आठ वर्षं फडक्याने काढत होती आणि आता दारातल्या हिरवळीवर अख्खा घाणा उभा राहिला तर तो कोण पुसणार हे तिला कुणी सांगायला नको होतं. सेल्साने तिच्याकडे कारखान्याच्या ट्रकचा जॅक मागितला. ओबदुलियाने तो पिठाच्या पिशवीत घालून आणून दिला.

"मिनोला सांगू नकोस हं," ती म्हणाली. "आणि सांगायचंच झालं तर आधी मला बोलाव. त्याचं तोंड बघायचं आहे."

शनिवारी भर दुपारी ट्रक आला. ट्रकमागे समिती, समितीमागे गाव. सेल्सा खोपटासमोर साखळीची करवत घेऊन उभी होती. आवाज अडवायला कानांवर ठेवायची मफं तिच्या गळ्यात होती. तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ज्यांना भाषण करायचं असेल त्यांनी आत्ता करावं, नंतर ऐकू येणार नाही.

ओनेसिमोने संधी घेतली. तो भावी पिढ्यांपर्यंत आला तेव्हा तिने मफं कानांवर चढवली आणि करवतीची दोरी ओढली.

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं, कारण दोन आवाज एकदम चालेनात. करवत लाकडात उतरली. बाहेरून तुळई राखाडी, मेल्यासारखी दिसायची, आतून ती भाजलेल्या पावाच्या रंगाची निघाली, आणि वास आला. जुन्या ओकचा आणि त्यात मुरलेल्या कितीतरी ऑक्टोबरांतल्या सफरचंदांचा. गर्दीतले म्हातारे पुढे सरकले.  ओनेसिमोचं भाषण चालू होतं, ओठांवरून कळत होतं.

मधले दोन तुकडे बाजूला ठेवून झाल्यावर सेल्साने मफं काढली आणि उरलेल्या दोन टोकांकडे बोट दाखवलं.

"हे घेऊन जा. हे मला लागत नाही."

"तू तेल्मोला कापलंस," बेलार्मिनो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर पांढरा पडला होता.

"कापला नाही. गोठ्यात मावेल एवढा केला."

"सेल्सा, लाज वाटू दे जराशी."

"ती तू ने ट्रकमध्ये घालून. जागा शिल्लक आहे."

ट्रकवाल्याने विचारलं की दोन्ही तुकडे एकाच फेरीत न्यायचे का. मग त्याने स्वतःच ठरवून दोन्ही चढवले.

रविवारी अनावरण झालं. साहेबांची वेळ घेतलेली होती, गायतावाले येऊन बसले होते, आणि कार्यक्रम रद्द करणं हे ओनेसिमोच्या स्वभावात नाही. उरलेली दोन टोकं एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जोडली, एका टोकाच्या भोकात मळसूत्र घातलं, खाली धोंडा टांगला. तयार झालेली वस्तू अर्ध्यावर थांबलेल्या जिराफाच्या मानेसारखी दिसत होती. साहेबांना ती फार आवडली. लोखंडी पट्ट्या कुठल्या काळातल्या, असं त्यांनी मला विचारलं. नंतरच्या काळातली दुरुस्ती आहे, असं मी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

त्याच दुपारी सेल्सा गावाच्या धुण्याच्या टाक्यात तेल्मोच्या घाण्याच्या तळाच्या, खोपटातून काढलेल्या फळ्या भिजत घालत होती. सुकलेला ओक फुगला नाही तर फटींतून सगळा रस जमिनीत जातो. टाक्यात कुणी कपडे धुतल्याला एक पिढी लोटली होती, तरी टाकं अडवल्याबद्दल समितीकडे तीन तक्रारी आल्या. फळ्यांतले गंजके खिळे तिने पकडीने एकेक उपटले, कारण लोखंड लागलं की रस काळा पडतो. त्यांच्या जागी स्टील बसवलं. सफरचंदं ठेचायला तेल्मोच्या काळी लाकडी मुसळं होती आणि ती चालवायला घरात माणसं होती. तिने बागेतल्या फांद्या कुटायचं एक नवं यंत्र आणलं, उकळत्या पाण्याने धुतलं आणि त्यातून सफरचंदं काढली. मग गोठ्यात खाली एक तुकडा, त्यावर त्या फळ्या, वर एक तुकडा, चार कोपऱ्यांत माणसाच्या उंचीचे गज, मध्ये पट्ट्यांचा चौकोनी पिंजरा, त्यात चोथा, चोथ्यावर फळी, फळीवर ट्रकचा जॅक.

पहिल्या दिवशी गोठ्याच्या दारात समिती सोडून सगळे आले होते, आणि समितीही आली होती. सेल्साने जॅकचा दांडा हातात घेतला आणि भराभर मारला. जॅक ट्रक उचलायला केलेला, त्याला सफरचंदाचं काय. वरची फळी सरसर खाली आली आणि चोथा पिंजऱ्याच्या प्रत्येक फटीतून एकदम बाहेर उडाला, भिंतीवर, छपरावर आणि ओनेसिमोच्या तपकिरी कोटावर. बादलीत वाटीभर रस पडला. लोक हसले. लोक हसतात तेव्हा त्यांचे दात दिसतात, आणि ते सगळे दात तिने कधी ना कधी दुरुस्त केलेले होते. तरी हसलेच.

संध्याकाळी बेलार्मिनो एकटा आला. त्याने थट्टा केली नाही. झाडांखाली फळं तपकिरी होऊ लागली आहेत, आणखी आठवडाभरात कारखानाही ती घेणार नाही, हे त्याने सांगितलं आणि ते खरं होतं. तो म्हणाला, दोन तुकडे परत दे, हिरवळीवरची ती वस्तू पुरी होईल, सफरचंदं मी उद्या सकाळी ट्रक पाठवून नेतो. झालं गेलं विसरू. जॅकही, त्याने तेवढ्यात फळीकडे नीट पाहिलं, जॅकही परत न्यावा लागेल, तो माझाच दिसतो आहे.

सेल्सा भिंत खरवडत होती. तिच्या केसांत चोथा होता. ती खरवडत राहिली आणि बेलार्मिनोला वाटलं की ती हो म्हणणार.

"धोंडा कधी घाई करत नाही," ती म्हणाली. "मी केली. जॅकचा दोष नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या ट्रक पाठवू नकोस. आणि जॅक ओबदुलियाने दिला आहे, तो तिला मागायचा. मला बघायला बोलाव."

दुसऱ्या दिवशी तिने आईच्या जुन्या चादरी फाडल्या, चोथा त्यांच्या घड्यांत गुंडाळून थरांवर थर रचला आणि जॅकचा दांडा दोनदा मारून सोडून दिला. मग खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचलं. रस पाझरला, थांबला. तिने पुन्हा दोनदा मारला. पुन्हा वर्तमानपत्र. दारातले लोक थोडा वेळ उभे राहिले. काही उडत नाही, काही फुटत नाही, नुसतं पाझरतं आहे, हे पाहून ते कंटाळून घरी गेले. ओनेसिमो कोट बदलून आला होता, त्याचीही निराशा झाली. सेल्सा झाडांखालची सडकी फळं बाजूला टाकत होती, चांगली यंत्रात घालत होती, आणि असं करत तिने बागेतलं शेवटचं फळ गाळलं. रस एका पिंपात मावला. पिंप तिने गोठ्याच्या थंड कोपऱ्यात आंबायला ठेवलं आणि त्याच्याशी हिवाळाभर कुणालाही बोलू दिलं नाही.

एप्रिलमध्ये पिंप उघडायच्या दिवशी तिने बोलावणं कुणालाच पाठवलं नव्हतं. सगळे आले. समिती पूर्ण उपस्थितीत आली, चीज आणि उकडलेली अंडी घेऊन आली, आणि ओनेसिमोने वाटेत जाहीर केलं की आपण हे निरीक्षण म्हणून करत आहोत. बेलार्मिनोही आला. तो दाराशी थांबला होता. ओबदुलियाने त्याला कोपराने आत ढकललं.

पेला एकच, नेहमीप्रमाणे सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचा. पिंपाच्या पोटातली खुंटी काढली, पहिली बाटली भरली, आणि आता ओतायचं कुणी हा प्रश्न आला. गावात बेलार्मिनोसारखं ओतणारं कुणी नाही. डोक्यावर हात नेऊन तो बाटली तिरपी करतो, खाली मांडीजवळ धरलेल्या पेल्याकडे बघतही नाही आणि एक थेंब बाहेर जात नाही. सेल्साने बाटली त्याच्या हातात दिली. पेलाही दिला.

"पहिला तूच घे," ती म्हणाली. "नाहीतर म्हणशील, लपवलं."

 बेलार्मिनोच्या शब्दावर आमच्या खोऱ्यात सायडर विकली जाते किंवा ओतून दिली जाते, आणि बागा राहतात किंवा जातात. तो वाईट म्हणाला असता तर पुढच्या हिवाळ्यात सेल्साच्या झाडांसाठी करवत आणायला गावातल्या कुणालाच लाज वाटली नसती. त्याने ओतलं. बारीक धार वरून खाली आली, पेल्याच्या काठावर फुटली, फेस उठला आणि बसला. त्याने एका दमात घोट घेतला, तळाशी थोडं ठेवलं आणि ज्या काठाने प्यायला होता त्याच काठावरून ते जमिनीवर फेकलं, पुढच्यासाठी काठ धुऊन निघावा म्हणून सगळे फेकतात तसं. मग तो जमिनीकडे पाहत राहिला.

सेल्सा हात कमरेवर ठेवून उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या दाढेकडे बघत होती.

"पिता येते," बेलार्मिनो म्हणाला.

आमच्याकडे सायडरची याहून जास्त स्तुती कुणी कधी केलेली नाही. त्याच्या वडिलांनी स्वतःच्या सायडरबद्दलही एवढं म्हटलं नव्हतं. सेल्साने मान हलवली, जशी कवळी नीट बसल्यावर हलवायची.

"कडवट आहे जराशी," त्याने जोडलं, कारण त्याला राहवेना.

"माझ्या आईची आहे," ती म्हणाली. "ओत आणखी."

मग गर्दी पुढे सरली. ओनेसिमोचं निरीक्षण फार बारकाईने झालं, त्याने पेला चार वेळा तपासला. मी सचिव या नात्याने त्याच्या मागोमाग होतो. ओबदुलिया मिनोला सांगत होती की पुढच्या वेळी जॅक चोरून न्यावा लागायला नको, एक नवा घेऊन टाक. तो म्हणाला बघू. अंडी संपली, चीज संपलं.

पिंप एकच होतं. ते अंधार पडायच्या आत रिकामं झालं, आणि उरलेली मंडळी बेलार्मिनोकडे बिअर प्यायला गेली.